पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१८७६ – ४ जुलै, १९५५) हे डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर गोलंदाज म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबमध्ये महिना ४ रुपये पगारावर मैदानाची देखभाल करणारा नोकर म्हणून त्यांच्या क्रिकेटची सुरुवात झाली. पुढे मुंबईच्या हिंदू संघाचे ते प्रमुख गोलंदाज झाले आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात त्यांनी ११४ बळी मिळवले. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना मैदानात बरोबरीने खेळता येत असे, परंतु मैदानाबाहेर चहाचे भांडेही वेगळे मिळे. संघाचे नेतृत्व तर त्यांना कधीच रीतसर मिळाले नाही. उत्तरायुष्यात ते राजकारणात उतरले. पुणे करारावर त्यांची सही आहे आणि १९३७च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे होते.

पार्श्वभूमी : पगारी गोलंदाज

बाळूंची कारकीर्द समजण्यासाठी त्या काळातील 'पगारी खेळाडू' ही कल्पना समजून घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांचे दोन वर्ग होते. हौसेने खेळणाऱ्या सधन खेळाडूंना 'जंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना 'प्लेयर्स' म्हणत. या दोन वर्गांमधील सामना १८०६ साली प्रथम खेळला गेला आणि ही प्रथा १९६२ पर्यंत टिकली. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याचे दारही वेगळे आणि धावफलकावर नाव छापण्याची रीतही वेगळी असे. विल्यम क्लार्क या नॉटिंगहॅमच्या गोलंदाजाने १८४६ साली पगारी खेळाडूंचा फिरता संघ काढला, तेव्हा या व्यवसायाला प्रथमच काहीसे स्वतंत्र बळ मिळाले. तरी बहुतेक पगारी गोलंदाजांचे आयुष्य एखाद्या क्लबच्या किंवा शाळेच्या चाकरीत जाई. सकाळी खेळपट्टीवर रोलर फिरवावा, दुपारी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावेत आणि कोणी खूश होऊन बक्षिसी दिली तर घ्यावी, असा तो दिनक्रम होता.

या वाटणीत एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. फलंदाजी ही ऐटीची आणि गोलंदाजी ही मेहनतीची गोष्ट समजली जाई. त्यामुळे इंग्लंडमधील अनेक मोठे गोलंदाज श्रमिक वर्गातून आलेले दिसतात. बाळूंशी ज्यांची तुलना वारंवार केली जाते ते यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स त्यांपैकीच एक. ऱ्होड्सही डावखुरे मंदगती गोलंदाज होते, वयाने बाळूंच्या बरोबरीचे होते आणि प्रथम श्रेणीत ४,२०४ बळी घेऊन १९३० साली निवृत्त झाले. भारतात हीच वर्गव्यवस्था छावणीतील क्लबांबरोबर आली. इथे तिच्यावर वंशभेदाचा आणि जातिभेदाचा आणखी एकेक थर चढला.

प्रारंभिक जीवन

बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. कुटुंबाचे मूळ गाव कोकणातील पालवण. त्यावरून पालवणकर हे आडनाव. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि कुटुंब पुण्यात राहत असे. पेशवाईनंतर लष्करी नोकरी हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना स्थिर उत्पन्न देणारा एक मोजका मार्ग होता. छावणीच्या परिसरात राहिल्यामुळे मुलांच्या नजरेस इंग्रज अधिकाऱ्यांचा खेळ पडे. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळू लागले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिन्ही भाऊ पुढे नामवंत खेळाडू झाले. एका पिढीत, एका घरातून चार मोठे खेळाडू निघाल्याचे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये विरळा आहे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे या कामाचे त्यांना महिना ३ रुपये मिळत. शाळा सुटलेली होती आणि पगाराची घरी गरज होती.

पूना क्लब

सुमारे १८९२ मध्ये बाळू युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये रुजू झाले. पगार एका रुपयाने वाढून ४ रुपये झाला. खेळपट्टीची मशागत, रेघा आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे आणि टेनिसच्या मैदानाची निगा हे त्यांचे काम होते. ट्रॉस नावाच्या एका इंग्रज सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले आणि तेथून हा नोकर क्लबचा सरावाचा गोलंदाज झाला.

त्या वेळी क्लबमध्ये कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हे फलंदाज होते. पुढे हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रोमन कॅथलिक धर्मगुरू झालेले ग्रेग हे तेव्हाच्या भारतातील युरोपियन संघाचे सर्वांत भरवशाचे फलंदाज होते. नेहमीच्या सरावाच्या एक तास आधी येऊन ते बाळूंची गोलंदाजी खेळत आणि बाद झाल्यास दर खेपेला आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर ग्रेग यांना आठ वेळा बाद केल्यावर बाळूंना पूर्ण महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळत असे. गोष्टीत भर पडली असेल, परंतु तिचा गाभा विश्वासार्ह वाटतो. देशातील उत्तम फलंदाजाला रोज, तासन्‌तास गोलंदाजी करण्याची संधी त्या काळात दुसऱ्या कोणत्याही भारतीय गोलंदाजाला मिळालेली नव्हती. बाळूंचे शिक्षण खरे तर या जाळीत झाले.

या क्लबमध्ये त्यांनी शेकडो तास गोलंदाजी केली. फलंदाजीसाठी मात्र त्यांच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. इंग्रज सभासद त्यांच्या गोलंदाजीचे कौतुक करत, पण बॅट हातात घेणे हा सभासदांचा अधिकार होता. बाळूंच्या फलंदाजीची सरासरी पुढे साधारणच राहिली, ती वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी.

पुण्यातील हिंदू क्लब

पुण्यातील हिंदू क्रिकेट क्लबला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज युरोपियनांच्याच क्लबमध्ये नोकरीला होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबमध्ये फूट पडली. काही तेलुगू सभासदांचा आग्रह बाळूंना घेण्याचा होता. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळूंना न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनीही उघडपणे व्यक्त केल्याचे सांगितले जाते. अखेरीस बाळू संघात आले.

तडजोड कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. मैदानावर इतरांनी त्यांच्या हातचा चेंडू घेण्यास हरकत नव्हती. चहाच्या वेळी मात्र सहकारी पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाची पंगत वेगळी, हात धुण्यासाठी पाणी देणारा माणूसही वेगळा. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. अस्पृश्यतेचे नियम किती सोयीप्रमाणे वाकवले जात, याचे एवढे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

बाळूंच्या समावेशानंतर या संघाने पूना क्लबला आणि आसपासच्या युरोपियन संघांना हरवण्यास सुरुवात केली. सातारच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. बाळूंची फिरकी निष्प्रभ करण्यासाठी यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून ती टणक केली होती, असे सांगतात. तरी बाळूंनी ७ बळी घेतले. या विजयानंतर पुण्यात झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. त्यांच्याबरोबर खेळता येत असेल तर त्यांच्याबरोबर जेवायला का बसू नये, असा विचार या निमित्ताने सुधारकांनी पुढे मांडला. लोकमान्य टिळकांनीही अशाच एका सभेत त्यांचा सत्कार केल्याची नोंद आहे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर एकमेकांच्या विरोधात उभे असलेले हे दोन नेते मैदानाच्या माळीकाम्याच्या सत्कारात एकत्र आले, हे त्या काळातील पुण्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

मुंबई : हिंदू जिमखाना आणि रेल्वे

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्या सुमारास बाळूंचे कुटुंब पुण्याहून मुंबईस गेले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना १८९४ साली झाली होती. तिथेही काही सभासदांनी बाळूंच्या प्रवेशास हरकत घेतली, परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला. बाळूंना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले. खेळाडूला नोकरी देऊन आपल्या संघाकडून खेळवण्याची जी पद्धत पुढे भारतातील रेल्वे, बँका आणि कारखान्यांनी सर्रास स्वीकारली, तिचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

मुंबईत तेव्हा युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामने लोकप्रिय होते. पारशी संघ १८८६ आणि १८८८ असे दोनदा इंग्लंडला जाऊन आला होता. हिंदू संघाला मात्र युरोपियनांनी बरोबरीचे मानलेले नव्हते. ती संधी १९०६ साली आली.

१९०६ चा सामना

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघ समोरासमोर आले. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियन १९१ धावांत बाद झाले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. विजयासाठी २१२ धावा हव्या असताना युरोपियनांचा डाव १०२ धावांत आटोपला. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले, त्यांपैकी ५ दुसऱ्या डावात. संघात त्यांचे भाऊ शिवरामही होते.

बंगालच्या फाळणीने देशातील वातावरण तापलेले असताना हा सामना झाला आणि त्याच्याकडे केवळ खेळ म्हणून पाहिले गेले नाही. वृत्तपत्रांचा एक सूर राष्ट्राभिमानाचा होता. सुधारकी विचारांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर बोट ठेवले : हा विजय ज्यांच्यामुळे मिळाला ते दोन चर्मकार बंधू आता जिमखान्यात इतरांबरोबर जेवतात, आणि पुण्यातील चहाच्या मातीच्या भांड्यापासून इथपर्यंतचा प्रवास हाच या सामन्याचा खरा धडा आहे, असा त्या लेखनाचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. या काळात हिंदू गोलंदाजीचा मुख्य भार बाळूंवर होता.

१९११ चा इंग्लंड दौरा

सर्व धर्मांच्या खेळाडूंचा पहिला भारतीय संघ १९११ साली इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. संघात पारशी, हिंदू आणि मुस्लिम खेळाडू होते. बाळू आणि शिवराम या दोघांची निवड झाली होती. हा बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचा उन्हाळा होता आणि महाराजांचा बराच वेळ दरबारी भेटीगाठींत गेला. त्यांचे सचिव असलेले के. एम. मिस्त्री हे संघातील सर्वोत्तम फलंदाज होते. महाराजांच्या सेवेमुळे तेही बहुतेक सामन्यांना मुकले.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. २३ सामन्यांपैकी संघाने ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत तर केवळ दोन विजय होते. सलग पराभवांनंतरचा लीस्टरशायरविरुद्धचा पहिला विजय मुख्यतः बाळूंचा होता. त्यांनी त्या सामन्यात ११ बळी घेतले. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळाला आणि त्यात शिवराम यांनी शतक केले. म्हणजे दोन्ही विजयांवर पालवणकर घराण्याची छाप होती.

दौऱ्यातील सर्व सामने मिळून बाळूंचे ११४ बळी झाले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीतील होते आणि त्यांची सरासरी २० धावांच्या किंचित वर होती. त्या वेळी ते पस्तिशीत होते आणि खांदा दुखत असताना खेळत होते. १९११चा इंग्लंडमधील उन्हाळा विलक्षण उष्ण आणि कोरडा होता. मंदगती फिरकीला साथ देणाऱ्या ओलसर खेळपट्ट्या त्या वर्षी फारशा मिळाल्या नाहीत, आणि झेल सुटण्याबद्दल तर हा संघ प्रसिद्धच होता. ही सर्व परिस्थिती ध्यानी घेता ७५ हा आकडा त्याच्या दिसण्यापेक्षा मोठा आहे.

परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. या प्रसंगीचे मानपत्र तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे सांगितले जाते. बाळू हे आंबेडकरांचे तरुणपणीचे एक आदर्श होते. पुढील घटना पाहता या नात्याची नोंद घेणे महत्त्वाचे आहे.

गोलंदाजीची शैली आणि कामगिरी

बाळूंचा चेंडू दोन्ही बाजूंना वळत असे. वेगात आणि उंचीत न कळत बदल करून फलंदाजाला पुढे ओढणे हे त्यांचे मुख्य तंत्र होते. लांबच लांब षटके टाकतानाही टप्प्यावरील ताबा सुटत नसे. जाळीतील चाकरीचा तो परिणाम मानावा लागेल. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. १०३ धावांत ८ बळी ही त्यांची डावातील सर्वोत्तम कामगिरी आहे. फलंदाजीत त्यांनी ७५३ धावा केल्या. इंग्लंडमधील कामगिरी वगळली, तर उरलेले शंभराहून अधिक बळी त्यांना १२ धावांच्या आसपासच्या सरासरीने मिळालेले दिसतात. त्यांच्या पहिल्या प्रथम श्रेणी सामन्याच्या वेळी वय तिशीच्या जवळ पोहोचले होते. पूना क्लबमधील आणि पुण्याच्या हिंदू संघातील उमेदीची दहा-बारा वर्षे या आकड्यांत कोठेही नाहीत.

कर्णधारपदाचा वाद

इंग्लंडहून परतलेल्या बाळूंपेक्षा अनुभवी खेळाडू हिंदू संघात कोणी नव्हता. तरीही कर्णधारपदासाठी त्यांचे नाव दरवर्षी मागे पडे. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी सत्काराच्या सभेतच हा मान खरे तर बाळूंचा होता, असे सांगितले. पै यांचा हा प्रांजळपणा उल्लेखनीय आहे. निवड समितीवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० साली प्रश्न ऐरणीवर आला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. विठ्ठल हे तेव्हा संघातील सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक आणि ज्येष्ठही होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीमुळे अन्याय होत असल्याचे जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. गांधीजींच्या असहकाराच्या वर्षी क्रिकेटच्या मैदानावर झालेला हा असहकारच होता. लोकमताचा दाब वाढला आणि पुढच्या सामन्यासाठी भाऊ परतले. पै कर्णधार झाले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. खेळ चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंकडे आली. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच. त्यानंतर ते प्रथम श्रेणीचा सामना खेळले नाहीत.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. थोरल्या भावाला नाकारलेली जागा धाकट्याला मिळण्यास दहा वर्षे लागली.

राजकारण

निवृत्तीनंतर बाळू अस्पृश्यांच्या प्रश्नावर सार्वजनिक जीवनात आले. सवर्ण समाजाशी संवाद ठेवून, हिंदू समाजात राहूनच हक्क मिळवावेत, असे त्यांचे मत होते. १९३२ साली ब्रिटिश सरकारने जातीय निवाड्याद्वारे अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले. वाटाघाटींत बाळूंनी एम. सी. राजा यांच्यासमवेत स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधी बाजूने भाग घेतला. २४ सप्टेंबर, १९३२ रोजी झालेल्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ रद्द होऊन प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. या करारावर सही करणाऱ्यांत आंबेडकर आणि बाळू दोघेही आहेत. बाळूंनी ज्या शहरात ४ रुपयांवर खेळपट्टी झाडली, त्याच शहरात हा करार झाला.

पुढल्या वर्षी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवून ते पराभूत झाले. १९३५ मध्ये येवला येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला बाळूंचा विरोध होता. फेब्रुवारी १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना स्वतंत्र मजूर पक्षाच्या आंबेडकरांविरुद्ध राखीव जागेवर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. अंतर केवळ २,०२० मतांचे होते. आंबेडकरांची मते फोडण्यासाठी काँग्रेसने बाळूंच्या लोकप्रियतेचा उपयोग करून घेतला, असा एक दृष्टिकोन आहे. पण बाळूंची भूमिका १९३७ पूर्वीपासून सुसंगत होती, त्यामुळे त्यांना केवळ प्यादे समजणे योग्य होणार नाही. मैदानावर सहखेळाडूंचे मन थोडेथोडे बदलताना त्यांनी पाहिले होते आणि त्या अनुभवाने त्यांचे राजकारण घडवले असावे. तोच अनुभव – नेहमी उपयोगी, कधीच प्रमुख नाही – आंबेडकरांच्या निष्कर्षाकडेही नेऊ शकत होता.

निधन आणि नंतर

४ जुलै, १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले. विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. या घराण्याविषयीचे ते मोलाचे साधन आहे. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक बाळूंचे नाव क्रिकेटच्या इतिहासात तळटिपेपुरते उरले. इंग्लंडकडून खेळलेले रणजितसिंहजी घराघरांत माहीत होते आणि रणजी करंडक त्यांच्या नावाने सुरू झाला. भारताच्या पहिल्या संघाकडून खेळलेल्या बाळूंच्या नावाने मात्र राष्ट्रीय पातळीवर कोणतीही मोठी स्पर्धा नाही. २००१ मधील 'लगान' या हिंदी चित्रपटातील 'कचरा' या अस्पृश्य फिरकी गोलंदाजाच्या पात्रामुळे अनेकांना बाळूंची आठवण झाली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान मिळाले आणि त्यांच्याविषयीच्या नव्या लेखनाला चालना मिळाली.